माशीचा कान आणि माइक

रातकिड्याला कान असतात. पण डोक्यावर नाही, पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली! नाकतोड्याचे पोटाच्या बाजूला, पंखाखाली. डास तर मिशांनी ऐकतो. वर्गात कुणाला खरं वाटेना, म्हणून गुरुजींनी रातकिडा पकडून त्याच्या पायावरचा बारीक पडदा भिंगातून दाखवला.

आवाज कुठून आला हे कसं कळतं? डोळे मिटा आणि कुणाला तरी टाळी वाजवायला सांगा. तुम्ही लगेच तिकडे बोट दाखवाल. आपल्या दोन कानांत वीतभर अंतर आहे. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, तरी जवळच्या कानात आधी पोचतो आणि लांबच्या कानात किंचित उशिरा. तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो.

अमेरिकेत ऑर्मिया नावाची एक माशी आहे. ती रात्री रातकिड्याचा आवाज ऐकत ऐकत त्याला गाठते आणि त्याच्यावर आपल्या अळ्या सोडते. अळ्या त्याला आतून खातात. (बिचारा ओरडतो म्हणूनच सापडतो!) या माशीच्या दोन कानांत अंतर फक्त अर्धा मिलिमीटर, मोहरीएवढंसुद्धा नाही. तरी तिची दिशा चुकत नाही. कारण तिच्या कानांचे दोन पडदे मधे एका कडक पट्टीने जोडलेले आहेत. फळीच्या दोन टोकांना दोघं बसून खालीवर करतात ना, तसं. ज्या बाजूने आवाज येतो, तिकडचा पडदा जास्त हलतो. म्हणजे एवढासा फरक मोठा होतो. माइल्स, रॉबर्ट आणि हॉय या शास्त्रज्ञांनी १९९५ साली हे मोजून दाखवलं. पुढे माइल्स यांनी तसाच माइक केला. त्यात सिलिकॉनचा अगदी पातळ पत्रा मधोमध डुलतो.

असा माइक कशाला हवा, ते आमच्या आजीला विचारा. तिला कमी ऐकू येतं. मशीन लावून बाजारात गेली की सगळा गलका एकदम कानात येतो, आणि कोण कुठून हाक मारतंय तेच कळत नाही. मग ती मशीन काढून चंचीत ठेवते. मशीन कानाएवढं लहान, त्यात दोन माइक लांब लांब बसवणार कुठे? म्हणून माशीची युक्ती कामाची.

आजीची दुसरी तक्रार अशी की बोलणं मोठं होतं तसा भोंगाही मोठा होतो. भारतातल्या झाडावरच्या एका रातकिड्याचा कान असं करत नाही. आवाज बारीक असेल तर कान स्वतः जोर लावून तो वाढवतो, मोठ्या आवाजाला तेवढा जोर लावत नाही. नताशा म्हात्रे आणि डॅनियल रॉबर्ट यांनी २०१३ साली हे शोधलं.

हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, “किड्याला जमतं अन् मशीनला जमंना व्हय?”

– इयत्ता ४ थी