अस्तर उसवताना

दोन सर्व्हर, दोन डिस्का. एकीवर लिहिलेलं दुसरीवर त्याच क्षणी उमटतं. लिनक्सवर हे काम अनेक ठिकाणी डीआरबीडी करतं. व्हिएन्नाच्या लिनबिट कंपनीचं हे सॉफ्टवेअर 2010 मध्ये 2.6.33 आवृत्तीपासून थेट लिनक्स कर्नलमध्ये दाखल झालं. पुढे कधीतरी दुसरा सर्व्हर निवृत्त होतो आणि ही जोडी मोडायची वेळ येते. डेटा बाहेर काढायचा, डिस्क फॉरमॅट करायची, पुन्हा भरायची, हा धसका बहुतेकांना असतो. सहसा त्यातलं काहीच करावं लागत नाही.

डीआरबीडी म्हणजे फाइल सिस्टीम आणि डिस्क यांच्यामध्ये शिवलेलं पातळ अस्तर. स्वतःच्या नोंदी ते बहुधा डिस्कच्या अगदी शेवटी ठेवतं. एका जोडीदारासाठी टेराबाइटमागे सुमारे 32 एमबी. फाइल सिस्टीम मात्र पहिल्या बाइटपासूनच सुरू होते. म्हणून अस्तर काढलं की खालची डिस्क जशीच्या तशी माउंट होते. (लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये, 1.2 पद्धतीत, नोंद सुरुवातीपासून 4 केबीवर असते. तिथे हा सरळ रस्ता नाही.)

घोळ होतो तो माणसांकडून. जोडी तुटली की दोन्ही प्रती दिसायला सारख्याच, आणि मागे पडलेली प्रत कुरकुर न करता उघडते. आठवड्यापूर्वीचे हिशेब समोर येतात आणि कुणाला पत्ता नसतो. म्हणून तोडण्याआधी दोन्ही बाजू ‘अपटुडेट’ दिसताहेत ना, हे पाहायचं. वेगळा बॅकअपही हवाच. चुकून पुसलेली फाइल या आरशात दोन्हीकडून एकदम पुसली जाते.

क्लस्टर सांभाळायला पेसमेकर असेल तर त्याला आधी बाजूला करायचं. नाहीतर आपण बंद करतो आणि तो इमानेइतबारे पुन्हा चालू करतो. मग डेटाबेस थांबवायचा, अनमाउंट करायचं, मुख्य बाजू ‘सेकंडरी’ करायची आणि दोन्हीकडे ‘डाउन’.

इथे नवख्याचं काळीज एकदा धडधडतं. खालची डिस्क माउंट करायला जावं तर लिनक्स म्हणतं, ही फाइल सिस्टीम ओळखीची नाही, प्रकार डीआरबीडी. डेटा गेलेला नसतो. शेवटच्या नोंदी अजून आपली खूण सांगत असतात. प्रकार स्पष्ट सांगून, आधी फक्त वाचण्यापुरतं माउंट करावं आणि कालच्या फाइली उघडून पाहाव्यात. समाधान झालं की अनमाउंट करून ‘वाइप-एमडी’. एफएसटॅबमधला जुना डीआरबीडीचा पत्ता बदलायचा, डीआरबीडीची सेवा बंद ठेवायची, आणि दिवसाउजेडी एकदा सर्व्हर रीस्टार्ट करून बघायचा. रात्री वीज गेल्यावर कळण्यापेक्षा ते बरं.

डिस्कच्या शेवटी नोंदींची उरलेली ती जागा वापरायचा मोह होतो. तो आवरावा. फाइल सिस्टीम तिथवर पसरली आणि उद्या पुन्हा जोडी हवी झाली, तर नोंदींना जागा राहत नाही. एक्सटी4 आखूड करता येते. एक्सएफएसच्या बाबतीत ती आशा धरू नये.