तेलाचा थेंब कुठून येतो?

स्मरणिकेत सहसा आठवणी असतात. आम्ही मात्र येथे एका साध्या कामाविषयी लिहीत आहोत : जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातून होणारी किरकोळ तेलगळती घरी कशी थांबवावी.

१९८५ पासून हिरो होंडाच्या शंभर सीसी गाड्या आपल्याकडे आल्या. डोंबिवलीत आजही कित्येक जण अशाच जुन्या गाडीवर सकाळी स्टेशन गाठतात. आमचीही गाडी त्यांपैकीच. इमारतीच्या फरशीवर रोज रुपयाएवढा काळा डाग पडू लागला, तेव्हा एका गॅरेजात 'इंजिन खोलावे लागेल' असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात दोष निघाला ड्रेन बोल्टखालच्या झिजलेल्या वॉशरचा.

डाग पडतो त्याच्या बरोबर वरच गळती असते असे नाही. तेल खाली ओघळते आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकते. म्हणून थंड इंजिन डिझेल व ब्रशने धुऊन कोरडे पुसावे; जवळपास विस्तव नसावा. मग सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवावी. पावडर सर्वांत वर आणि पुढे जेथे ओली झाली, तेथे बहुधा गळतीचा उगम असतो. तेलाची पातळीही तपासावी. तेल जास्त भरले किंवा ब्रीदरची नळी तुंबली, तर आतला दाब वाढून धडक्या सांध्यातूनही तेल झिरपते.

उगम सापडला की उपाय सोपा असतो. ड्रेन बोल्ट गळत असेल, तर तेल काढून नवा वॉशर घालावा. बोल्ट मात्र अती आवळू नये, कारण ॲल्युमिनियममधले आटे मोडतात. टॅपेटच्या झाकणातील रबरी रिंग उष्णतेने कडक होते. नव्या रिंगला तेलाचे बोट लावून ती बसवावी. क्लचच्या बाजूचे कव्हर पाझरत असेल, तर गॅस्केट बदलावे. कव्हरचे बोल्ट कमी-अधिक लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढून प्रत्येक बोल्ट आपल्या जागी खोचून ठेवावा. जुने गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे. पेचकसाने पृष्ठभागावर ओरखडा पडला की तेथूनच पुन्हा गळती लागते. बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत थोडेथोडे आवळावेत. सिलिकॉनचा लेप जाड लावू नये. तो आत सुटून तेलाचा मार्ग अडवू शकतो.

सिलिंडरच्या सांध्यातून गळती होत असेल, सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल किंवा तेल मागच्या टायरवर उडत असेल, तर घरी प्रयोग न करता जाणत्या मेकॅनिककडे जावे. काढलेले तेल गटारात ओतू नये. ते आपल्या खाडीत जाते. डब्यात साठवून गॅरेजात द्यावे.

एका पालकांनी आम्हांस विचारले, "गुरुजी, एवढे शिकवून मुलांचे हात पुन्हा काळेच करायचे का?" प्रश्नामागची वेदना आम्ही जाणतो. आपल्या पूर्वजांवर घाणीची कामे जन्माने लादली गेली; त्यांत ना निवड होती, ना मान. परंतु ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्यांबरोबरच सरकारी छापखाने व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या तरुणांना शिकाऊ उमेदवारी मिळावी, अशी मागणी केली होती. यंत्राचे ज्ञान आपल्यापासून दूर ठेवले गेले होते. ते त्यांनी हक्क म्हणून मागितले. समजून-उमजून, स्वतःच्या इच्छेने केलेल्या कामाने काळे झालेले हात साबणाने धुतले जातात.

तथागतांनी दुःखाचे कारण शोधावयास शिकविले. आमच्या विद्यार्थ्यांनीही, कोणी 'इंजिन खोलावे लागेल' म्हटले, तर आधी थेंब कुठून येतो ते पाहावे. फरशीवरचा आमचा डाग एका वॉशरने थांबला.

जय भीम!