हिशेब नानकटाईचा

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आधी बेकरीसमोर लागणारी बायकांची रांग आठवते का? एका हातात मैदा-साखरेची पिशवी, दुसऱ्या हातात तुपाचा डबा आणि पदराला लोंबकळणारं एखादं पोर. बेकरीतच पीठ मळायचं, ओळीनं बसून गोळे वळायचे, पत्रे भरून द्यायचे आणि नंबर येईपर्यंत गप्पा मारायच्या. आता घरोघरी ओव्हन आलेत, तयार पुडे मिळतात. पण सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात एक भट्टी अजून नानकटाई भाजून देते, किलोवर पैसे घेऊन.

गोष्ट २०२२ सालची. १४ नोव्हेंबरला बालदिन. आमच्या बचत गटानं ठरवलं की, जवळच्या तिन्ही अंगणवाड्यांतल्या मुलांना एकत्र बोलवायचं, गाणी-खेळ घ्यायचे आणि खाऊ द्यायचा. "बिस्किटांचे पुडे आणू, झालं," असं एक-दोघी म्हणाल्या. मीच म्हटलं, "पुडे तर रोजच खातात. नानकटाई करू. माझ्यावर सोडा." हे असं बोलायची मला भारी हौस!

पटावर मुलं १०४. प्रत्येकाला दोन, म्हणजे २०८. थोडी वर धरून मी २७०चा हिशेब मांडला. अडीच किलो मैदा, पाव किलो बेसन, पाव किलो बारीक रवा, पावणेदोन किलो पिठीसाखर आणि दोन किलो तूप. एक गोळा पंचवीस ग्रॅमचा. वनस्पती तूप स्वस्त पडलं असतं, पण त्यातल्या ट्रान्स फॅटनं हृदयाला अपाय होतो. म्हणून तर २०२२च्या जानेवारीपासून खाण्याच्या तेला-तुपात ते २ टक्क्यांपर्यंतच चालतं, असा नियम झालाय. लहान पोरांसाठी साजूकच बरं, असं ठरलं आणि आम्ही आठ जणींनी पाव-पाव किलो तूप घरून आणलं. वर काजू किंवा बदाम लावायचा मोह टाळला. तीन-चार वर्षांच्या पोरांच्या घशात अख्खा दाणा अडकायची भीती असते. नुसती वेलची आणि जायफळ.

आता आठ घरचं तूप म्हणजे आठ तऱ्हा. कुणाचं रवाळ, कुणाचं पातळ. सगळं एकजीव व्हावं म्हणून मी ते गॅसवर कोमट केलं आणि घाईघाईत तसंच साखरेत ओतलं. तिथंच चुकलं! रविवारी दुपारी सकाळचे पाव निघून गेल्यावर भट्टीच्या उतरत्या धगीवर पहिला पत्रा आत गेला. बाहेर आला तेव्हा बेचाळीस नानकटायांची मिळून एकच चादर झाली होती. मला तर रडूच आलं.

बेकरीवाल्या चाचांनी पीठ बोटानं दाबून बघितलं. "वहिनी, तूप गरम करून घातलंसा न्हवं?" मी मान हलवली. ते म्हणाले, "तूप घट्टच पायजे. साखरेसंगं पांढरं हुईस्तोवर फेसायचं, मग पीठ. पातळ तूप घातलं की पसरतंयच." त्यांनी दोन मुठी मैदा मिसळला, परात गार पाण्याच्या टबात तासभर ठेवायला लावली. मग एकच गोळा भाजून बघितला. छान फुगला, वर हव्या तशा भेगा पडल्या. त्यानंतर मात्र पत्र्यामागून पत्रे निघाले. तेव्हापासून माझा नियमच झालाय, शंभर करायच्या असोत की हजार, आधी एक भाजून बघायची. आणि पुरती गार झाल्याशिवाय डब्यात भरायची नाही, नाहीतर वाफेनं मऊ पडते.

चादरीचे तुकडे मी एका पिशवीत भरले. चांगल्या निघाल्या २२८. पोरांच्या २०८ बाजूला काढल्या आणि उरलेल्या वीस एका छोट्या डब्यात. खरं सांगते, तो डबा मी घरच्यांसाठी ठेवला होता. एवढे कष्ट केल्यावर घरी दाखवायला नकोत?

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झकास झाला. पोरांनी दोन्ही हातात एकेक धरून, भुगा सांडत खाल्ल्या. तेवढ्यात दाराकडं लक्ष गेलं. नऊ मुलं उभी होती. कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, मैदानापलीकडं ऊसतोड कामगारांची पालं पडलेली, त्यातलीच ही. मोठी मुलगी दहा-अकरा वर्षांची, कडेवर भाऊ. कुणी काही मागितलं नाही. नुसती बघत होती.

मी पटकन पिशवी उचलली आणि मदतनीस मावशींना म्हटलं, "हे तुकडे देऊन टाका त्यांना. चवीला चांगलेच आहेत."

मावशींनी पिशवी हातात घेतली नाही. हळूच म्हणाल्या, "ताई, बिघडलेलं आपण खाऊ की. पोरांना कशाला?"

मला कानकोंडं झालं. चव चांगली होती हे खरं. पण तेच तुकडे मी पटावरच्या पोरांना दिले असते का? नसते दिले. मग मी पिशवीतून तो छोटा डबा काढला. नऊ जणांना आत बोलावलं, ओळीत बसवलं, दोन-दोन दिल्या. मोठ्या मुलीनं एक खाल्ली आणि दुसरी ओढणीच्या टोकाला बांधली. "आईला," म्हणाली. उरल्या दोन. एक मावशींना दिली, एक सेविका ताईंना. चादरीचे तुकडे आम्ही घरी आठवडाभर चहाबरोबर खाल्ले.

गोष्ट तिथं संपली नाही. सेविका ताईंनी सांगितलं की, कामासाठी परगावाहून आलेल्या कुटुंबांतल्या सहा वर्षांखालच्या मुलांनाही अंगणवाडीत येता येतं, आहार मिळतो. त्या दोन दिवसांनी पालांवर गेल्या, मीही बरोबर गेले. नऊपैकी पाच मुलं सहाच्या आतली निघाली. हंगाम संपेपर्यंत ती रोज येत होती.

आता दर बालदिनाला पटापेक्षा चाळीस नानकटाया जास्त करतो. मैत्रिणींनो, तुम्हीही अशा खाऊचा हिशेब मांडाल तेव्हा रजिस्टर बघाच, पण एकदा दाराबाहेरही बघून या. आणि हो, तूप गरम करू नका!