वनसहल, माकडताप आणि आपले कुटुंब

म्हैसूर परिसरातील कुटुंबांसाठी सुट्टीची संध्याकाळ म्हणजे कुक्करहळ्ळी किंवा कारंजी तलावाची फेरी, आणि दोन दिवस हाती असल्यास बंदीपूर, नागरहोळे वा कबिनी जलाशयाचा परिसर. अशा सहली शरीरास व मनास हितकारक आहेत. त्या टाळण्याचे कारण नाही. मात्र नाताळापासून उन्हाळी सुट्टीपर्यंतचा सहलींचा काळ हाच जंगलात गोचिडींच्या पिल्लांच्या सुळसुळाटाचाही काळ असतो, हे आपण ध्यानात ठेवावे.

माकडताप म्हणजे काय?

1957 साली शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मोठ्या संख्येने मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाचे रुग्ण आढळले. त्यातून या विषाणूचा शोध लागला. पुढे हा आजार पश्चिम घाटाच्या इतर भागांतही दिसला. 2012 साली बंदीपूर येथे मृत माकडांची विल्हेवाट लावणाऱ्या व्यक्तींना त्याची लागण झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग या तालुक्यांतही त्याचे रुग्ण आढळले.

विषाणूबाधित गोचीड चावल्याने हा आजार होतो. बाधित माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी जमिनीवर उतरतात व ती जागा धोकादायक बनते. माणसाकडून माणसाला हा आजार होत नाही. त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकू नये.

जंगलात जाताना

• पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे कपडे घालावेत. पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत. फिकट कपड्यावर गोचीड चटकन दिसते.
• उघड्या त्वचेवर कीटक-प्रतिबंधक मलम किंवा तेल लावावे. लहान मुलांसाठी ते निवडताना वेष्टनावरील सूचना वाचाव्यात.
• पालापाचोळ्यावर थेट बसू नये. जाड सतरंजी वापरावी आणि परतताना ती झटकून घ्यावी.
• मृत माकड दिसल्यास जवळ जाऊ नये, हात लावू नये. वनविभागास किंवा आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे.

घरी परतल्यावर

गोचिडीचे पिल्लू तिळाएवढे किंवा त्याहूनही लहान असते व त्याचा दंश अनेकदा जाणवत नाही. म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने व साबणाने स्नान करावे, कपडे गरम पाण्यात धुवावेत आणि मुलांच्या कानामागे, काखेत, जांघेत व गुडघ्यामागे नीट पाहावे. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी व ती जागा साबणाने धुवावी. तिच्यावर रॉकेल ओतू नये, चटका देऊ नये, बोटांनी चिरडू नये.

ताप आल्यास

दंशानंतर साधारणतः 3 ते 8 दिवसांत अचानक तीव्र ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणे, उलट्या व कधी नाका-हिरड्यांतून रक्तस्राव ही लक्षणे दिसतात. काही रुग्णांना बरे वाटल्यानंतर पुन्हा ताप येतो व तेव्हा मेंदूवर परिणाम होऊ शकतो. बाधितांपैकी सुमारे 3 ते 5 टक्के रुग्ण दगावतात. या विषाणूवर खास औषध नाही; परंतु वेळेवर मिळालेली शुश्रूषा जीव वाचवते. म्हणून परतल्यानंतर दोन आठवडे स्वतःवर व मुलांवर लक्ष ठेवावे. ताप आल्यास डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता “आम्ही जंगलात गेलो होतो” असे स्वतःहून सांगावे. हे एक वाक्य निदानाची दिशा बदलू शकते. ॲस्पिरिन किंवा अन्य वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

पाण्याजवळ

जलाशयाचा काठ उथळ दिसला तरी तळ अचानक खोल जातो. मुलांना हाताच्या अंतरावर ठेवावे; नौकेत जीवरक्षक जॅकेट घालूनच बसावे. कोणी बुडत असल्यास पोहण्याचे धाडस करू नये. दोर, काठी किंवा ओढणी फेकावी आणि 108 वर संपर्क साधावा. बाहेर काढलेल्या व्यक्तीचा श्वास थांबला असल्यास पोट दाबण्यात वेळ दवडू नये. प्रशिक्षित व्यक्तीने तत्काळ कृत्रिम श्वास व छातीवर दाब देणे सुरू करावे.

सहलीची तयारी करताना डब्यासोबत चिमटा, साबण व दोर बरोबर घ्यावेत. त्यांचे ओझे फार नाही.