मुरुडशेंग की घाणेरी?

सेकंड इयरला असताना श्रमदानात आम्ही एक पराक्रम केला. हॉस्टेलमागच्या टेकडीवरची ‘फालतू झुडपं’ काढून तिथे रोपं लावायची होती. पावसाळा तोंडावर होता. चार तास कोयते चालवले. रंगीत फुलांची झुडपं तेवढी ‘छान दिसतात’ म्हणून ठेवली. संध्याकाळी मेसच्या मावशी ढीग पाहून थबकल्या. “आरं पोरांनो, मुरुडशेंग तोडलीत की रं! आन् घाणेरी ठेवली व्हय?”

आमचे चेहरे बघण्यासारखे झाले. मुरुडशेंग इथली, आपल्या सह्याद्रीतली. तिच्या सालीच्या वाखाचे दोर वळतात, शेंग बाळगुटीत उगाळतात. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांनी ती पाळण्यातच चाखली आहे! घाणेरी मात्र मूळची अमेरिकेतली. इंग्रजी अमदानीत बागेसाठी आली आणि रानभर पसरली. ती माजते तिथे इथल्या झुडपांना, गवताला जागा उरत नाही. आणि आम्ही तिलाच जागा मोकळी करून दिली.

चूक कुठे झाली? आम्ही फक्त फुलं पाहिली. मुरुडशेंगेला तेव्हा फूल नव्हतं. पानं म्हणाल तर दोघींचीही खरखरीत, कातरलेल्या कडांची. मग ओळखायचं कसं? एका वेळी एकच प्रश्न विचारायचा.

पहिला प्रश्न : फांदीवर पानं कशी लागली आहेत? घाणेरीची समोरासमोर जोडीनं, मुरुडशेंगेची एकाआड एक. दुसरा : खोड कसं आहे? घाणेरीचं चौकोनी, बहुधा बारीक काट्यांचं. मुरुडशेंगेचं गोल, बिनकाट्याचं. तिसरा : फळ कसं? घाणेरीला काळ्या-जांभळ्या मण्यांचे घोस. मुरुडशेंगेची शेंग म्हणजे चक्क स्क्रू, पीळ घातलेली! गेल्या वर्षीच्या वाळक्या शेंगा त्या दिवशीही फांद्यांवर होत्या, पण बघतो कोण?

वनस्पतींच्या पुस्तकांत अशाच प्रश्नांची ‘की’ असते. हो की नाही, मग पुढचा प्रश्न. आपला फ्लोचार्टच की! आणि हे काम इंजिनिअरचं नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला थिओडोर कुक यांचं नाव सांगा. हे गृहस्थ सिव्हिल इंजिनिअर. रेल्वेच्या कामासाठी भारतात आले, १८६५ साली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांनीच पुढे मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि अभ्यासकांना आजही लागतो.

सुरुवात सोपी आहे. टेकडीवरची पाचच झाडं निवडा आणि वर्षभर त्यांच्याकडे जा. पालवी, फूल, फळ, पानगळ असं सगळं तारखेसह वहीत लिहा. झाड कुठे उभं आहे तेही लिहा : कातळावर, ओढ्याकाठी की सावलीत. मोबाईलवरचं ॲप फोटोवरून नाव सांगतं, पण तो अंदाज समजा. पानं, खोड, फळ ताडून बघा. आसपासच्या जाणत्या माणसांना विचारा. मावशींनी बॉटनीचा एकही पेपर दिलेला नाही.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा : ओळख पटली ‘असं वाटतं’ म्हणून काही तोंडात घालू नका. पावसाळ्यात फुलणारी देखणी कळलावी आपल्याच रानातली, पण तिचा कंद जीवघेणा विषारी. पानाचं टोक वेलीच्या ताणासारखं वळलेलं दिसलं की लांबूनच नमस्कार करा!

आमच्या पराक्रमाचं पुढे काय झालं? आम्ही झुडपं बुंध्याशी तोडली होती, मुळं शाबूत होती. दोन-तीन पाऊस झाल्यावर खुंटांना धुमारे फुटले. पानं एकाआड एक. टेकडीनं आम्हाला एटीकेटी दिली होती. पुढच्या श्रमदानाला कोयता उचलण्याआधी मावशींना सोबत नेलं.