मागचा डिस्क ब्रेक : पिस्टन दाबू नका, फिरवा

जुहू, जुहू गल्ली परिसरातील अनेक छोटे व्यापारी व कारागीर माल पोहोचविण्यासाठी जुनी मोटार वापरतात. येथील जुन्या मिस्त्रींचा हात कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीवर बसलेला, आणि त्या गाडीला मागे ड्रम असत. २००१ साली भारतात आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाला मात्र मागेही डिस्क आहे. तिचे पॅड घरी बदलता येतात. परंतु पुढच्या चाकावर शिकलेली रीत मागे लावली की नुकसान ठरलेले.

पहिला फरक हँडब्रेकचा. मागचे पॅड काढताना तो सोडावाच लागतो. तेव्हा गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये ठेवावी व पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावावी. (सुतारकाम करणाऱ्या बांधवांना पाचर कशी कापावी हे सांगायला नको!) सोसायटीच्या उतारावर हे काम मुळीच करू नये. चाकाचे नट जमिनीवरच सैल करावेत आणि नुसत्या जॅकवर न विसंबता खाली स्टँड द्यावा.

चाक काढून कॅलिपरचे दोन बोल्ट सोडवावेत. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा. आतील धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो.

आता मुख्य गोष्ट. नवे पॅड जाड असल्याने पिस्टन आत घ्यावा लागतो. पुढे तो शिकंज्याने दाबला तरी चालते. मागे हँडब्रेकची केबल याच कॅलिपरला जोडलेली असते आणि पिस्टन आतल्या स्क्रूच्या आट्यांवर बसलेला असतो. जोर करून दाबल्यास ही यंत्रणा मोडते. दोन पॅडच्या कामात अख्खा कॅलिपर विकत घ्यावा लागतो! म्हणून पिस्टन दाबत दाबत फिरवावा, ऑक्टाव्हियात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. इतर गाड्यांची रीत व दिशा त्यांच्या पुस्तकात पाहावी. फिरवण्याचे हत्यार स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. या वेळी ब्रेक ऑइलच्या बाटलीवर नजर असू द्यावी. पातळी वर येते आणि सांडलेले ऑइल गाडीचा रंग खाते.

समुद्राच्या खाऱ्या हवेत कॅलिपर सरकणाऱ्या पिना गंजून अडकतात. मग एकच पॅड झिजतो. पिना साफ करून ब्रेकचेच ग्रीस लावावे, साध्या ग्रीसने रबर फुगते. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, तीही मोजून घ्यावी. पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत.

बोल्ट पुस्तकात दिल्याप्रमाणे आवळून झाले की गाडी हलविण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे आणि हँडब्रेक ओढून पाहावा. पहिली चाचणी जुहू तारा रोडच्या गर्दीत नको, आतल्या रिकाम्या गल्लीत सावकाश घ्यावी. पेडल नरमच राहिले तर गाडी तेथेच उभी ठेवून मिस्त्रीला बोलवावे.