ट्राउटची शेती: थंड, वाहत्या पाण्याचा हिशेब

कुलू-मनालीला जाऊन आलेल्यांपैकी अनेकांनी तिथल्या हॉटेलात अख्खा भाजलेला ट्राउट चाखला असेल. हा मासा बियास नदीत गळ टाकून पकडलेला असावा, असं आपल्याला वाटतं. पण तो बहुतेक वेळा जवळपासच्या फार्मवर वाढवलेला रेनबो ट्राउट असतो. ही जात मूळची उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या नद्यांतली. ब्रिटिशांनी हिमालयातल्या नद्यांत ट्राउट सोडला तो गळाच्या शौकासाठी. कुलू खोऱ्यात त्याच्या शेतीला जोर आला तो 1980च्या दशकाच्या अखेरीस, पतलीकुहलच्या सरकारी फार्मवर नॉर्वेच्या मदतीने काम सुरू झाल्यावर.

फार्म काढायचा तर सगळ्यात आधी पाणी बघावं लागतं. ट्राउटची वाढ साधारण 13 ते 18 अंश सेल्सिअसच्या पाण्यात चांगली होते. 20 अंशांच्या वर त्याचे हाल सुरू होतात. कारण प्राणवायूचं आहे. समुद्रसपाटीला 10 अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 25 अंशांच्या पाण्यात जेमतेम 8. उंचीवर तो आणखी कमी. पाणी तापलं की माशाची गरज मात्र वाढते. महाबळेश्वरला ट्राउट का होत नाही, याचं उत्तर यातच आहे: सह्याद्रीतले ओढे उन्हाळ्यात एकतर आटतात, नाहीतर तापतात. यंत्राने पाणी थंड ठेवता येतं, पण मग विजेचं बिल सोसावं लागतं.

कुलूत ओढ्याचं किंवा झऱ्याचं पाणी पाटाने आणून लांबट, अरुंद सिमेंटच्या हौदांत सोडतात. या हौदाला ‘रेसवे’ म्हणतात. एका टोकाने पाणी आत येतं, दुसऱ्या टोकाने विष्ठा आणि उरलंसुरलं खाद्य घेऊन बाहेर पडतं. नवखे लोक इथे हमखास एक चूक करतात: एका हौदाचं वापरलेलं पाणी थेट दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. शेवटच्या हौदातल्या माशांच्या वाट्याला कमी प्राणवायू आणि जास्त अमोनिया येतो. शक्य असेल तर प्रत्येक हौदाला पाण्याची स्वतंत्र वाट ठेवावी.

हौदात सोडलेला ट्राउट आपणहून अंडी घालून वंश वाढवत नाही. गाभोळी हाताने काढावी लागते. हे काम हिवाळ्यात चालतं. पिकलेल्या मादीचं पोट मऊ लागतं. तिला थोडं गुंगवून, अंग पुसून पोटावरून हलकासा अंगठा फिरवला की नारिंगी अंडी वाडग्यात पडू लागतात, एकेक भिजलेल्या साबुदाण्याएवढं. एक किलोच्या मादीपासून दीड-दोन हजार अंडी मिळतात.

वाडगं मात्र कोरडं ठणठणीत हवं. नराचं वीर्य पाणी लागताच जागं होतं आणि मिनिटाभरातच निकामी होतं. पाणी शिरलेल्या अंड्याचं सूक्ष्म छिद्रही लवकरच बंद होतं. म्हणून आधी अंडी आणि वीर्य कोरड्यातच पिसाने किंवा हाताने हळुवार मिसळतात, पाणी नंतर घालतात. ओल्या हातावरून किंवा माशाच्या अंगावरून चार थेंब आधीच पडले, तर बरीचशी अंडी वांझ राहतात.

फळलेली अंडी उबवणीच्या ट्रेमध्ये, वाहत्या पाण्यात, अंधारात ठेवायची. 10 अंशांच्या पाण्यात पिल्लं बाहेर यायला साधारण महिना लागतो. पाणी थंड असेल तर आणखी दिवस. निम्म्या वाटेवर अंड्यात दोन काळे ठिपके दिसू लागतात. ते पिल्लाचे डोळे. पहिले एक-दोन दिवस सोडले तर डोळे दिसेपर्यंतचा काळ फार नाजूक. या दिवसांत ट्रेला धक्का लागला तर अंडी मरतात. मेलेलं अंडं पांढरं पडतं, त्यावर कापसासारखी बुरशी धरते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. पांढरी अंडी चिमट्याने उचलावी, पण शेजारचं अंडं हलता कामा नये. इथे घाई करणारा माणूस अजिबात नको.

बाहेर आलेलं पिल्लू पोटाखालच्या बलकाच्या पिशवीवर काही आठवडे जगतं. ती संपत आली की पिल्लं तळ सोडून वर पोहू लागतात. निम्मी पिल्लं वर आली की पिठासारखं बारीक खाद्य सुरू करावं, दिवसातून आठ-दहा वेळा, चिमूट चिमूट. उशीर झाला तर काही पिल्लं खायला शिकतच नाहीत. जास्त टाकलं तर ते तळाशी कुजतं.

पुढे बोटुकली झाली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, की अधूनमधून प्रतवारी करायची. मोठं पिल्लू लहानाला सरळ गिळतं. ट्राउट मांसाहारी असल्याने त्याच्या खाद्यात 40 टक्क्यांहून अधिक प्रथिनं लागतात. ते महाग पडतं. खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा खाद्याचाच. म्हणून मूठभर टाकून थांबावं, मासे झेपावतात का पाहावं, त्यांचा उत्साह ओसरला की हात आवरावा. हिवाळ्यात पाणी फार गारठलं की भूक मंदावते, वाढही. त्यामुळे पाव किलोच्या पुढचा, विक्रीजोगा मासा व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं.

इतकी मेहनत पावसाळ्यात एका रात्रीत वाया जाऊ शकते. पाटातून गदूळ पाणी येतं, गाळ कल्ल्यांवर बसतो, तोंडाची जाळी पालापाचोळ्याने तुंबते आणि प्रवाह थांबतो. मासे पाणी आत येतं त्या तोंडाशी गर्दी करू लागले, पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले, तर आधी खाद्य बंद करायचं, मग जाळी साफ करायची. गाळ बसायला वेगळा हौद आणि झऱ्याच्या पाण्याची पर्यायी जोडणी, या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नयेत. रात्री जाळी बघणारा माणूसही फार्मवरच हवा. पुरापुढे मात्र कोणाचंच चालत नाही. जुलै 2023च्या महापुरात कुलू भागातल्या ट्राउट फार्मचंही मोठं नुकसान झालं.

विक्रीआधी एक-दोन दिवस माशाला उपाशी ठेवतात, म्हणजे पोट रिकामं होतं आणि मांस जास्त टिकतं. बाहेर काढला की लगेच आतडी आणि कल्ले काढून बर्फात. तासभर उन्हात राहिला तरी मऊ पडतो. कापल्यावर मांस कधी पांढरं, कधी गुलाबी निघतं. फार्मच्या माशात तो रंग खाद्यातल्या रंगद्रव्याचा असतो. ताजेपणा पाहायचा तर लाल कल्ले, फुगीर स्वच्छ डोळा आणि बोटाने दाबल्यावर लगेच वर येणारं मांस बघून मासा घ्यावा.